आईला सारखी उन्हाळी लागते. डॉक्टर म्हणतात पाणी प्या

विभाग: सामाजिक न्याय

अंबड_सेकंड_शिफ्ट
नमस्कार मंडळी. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

आई ५२ वर्षांची. नाशिकला गंगापूर रोडवर जेहान सर्कलच्या पुढे दोन सोसायट्यांत मिळून चार घरची धुणीभांडी आणि झाडू-फरशी करते. सातपूरहून सकाळी साडेसातला निघते, परत यायला अडीच-तीन होतात. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा उन्हाळी लागली. पहिल्यांदा घरीच धणे-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा केला. दुसऱ्यांदा मेडिकलवाल्याच्या गोळ्या. या वेळी थंडी वाजून ताप आला तेव्हा माझी टरकली, खाडा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते. लघवीचं कल्चर करायला लावलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "मावशी, अडीच-तीन लिटर पाणी प्यायचं, लघवी तुंबवून ठेवायची नाही." आई मान डोलवत होती. बाहेर आल्यावर म्हणते, "पिईन की. पण जाऊ कुठं?"

अकरा वर्षं ती ही कामं करतेय आणि मला हे आत्ता कळतंय. सकाळी निघताना घरी जाऊन येते, त्यानंतर थेट दुपारी. एकाच घरी चहा मिळतो, तोही अर्धा ठेवते. चारपैकी तीन घरांतलं संडास-बाथरूम तीच घासते, पण वापरायचं नाही. तोंडावर कोणी नको म्हटलेलं नाही. एकदा एका घरी विचारलं तर ताई म्हणाल्या, "खाली वॉचमनकडे बघा ना, मावशी." वॉचमनच्या संडासाला आतून कडी नाही. मावशी मात्र सगळेच म्हणतात.

बीपी पण निघालं, १६०/१००. मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका म्हणाले.

हे असं सारखं झालं तर किडनीवर जातं का? आणि सोसायटीला पत्र लिहू का? आई म्हणते लिहिलंस तर घरं सुटतील. चार घरांचे मिळून सहा हजार येतात, आणि मी काँट्रॅक्टवर आहे.

निवृत्त_सिस्टर
बाळा, थंडी वाजून ताप आला म्हणजे नुसत्या मूत्राशयावर राहिलं नव्हतं, वर चढलं असावं. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू देऊ नकोस. हो, असं वरचेवर वर चढत राहिलं तर किडनीला इजा होऊ शकते. बरगडीखाली पाठीत दुखलं, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दाखव. साखर तपासली का? नसेल तर तपास. पाळी गेली असेल तर तेही डॉक्टरांना सांग, त्यानंतर हा त्रास वाढतो. लघवी साठून राहिली की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो, आणि पाणीच पोटात नाही म्हटल्यावर ते धुऊनही जात नाहीत.

बीपीची गोळी सुरू केली असेल तर रोज घ्यायची, डोकं दुखेल तेव्हाच नाही.

मी ३२ वर्षं वॉर्डात काढली. पाणी प्या हे हजारो बायकांना सांगितलं असेल. जाता कुठं, हे एकीलाही विचारल्याचं आठवत नाही.

टिळकवाडीकर
आईंना लवकर बरं वाटो. आमच्याकडच्या मावशी आमचंच बाथरूम वापरतात, कधी काही अडलं नाही. काही लोकांना हायजिनचं वाटतं, इतकंच. धागा आरोग्य विभागात टाकायला हवा होता. प्रत्येक गोष्टीत 'सामाजिक न्याय' कशाला?

अंबड_सेकंड_शिफ्ट
आरोग्यातच टाकणार होतो, दादा. पण पहिल्या घरी काम द्यायच्या आधी आडनाव विचारलं होतं. तिथं तिचा स्टीलचा ग्लास वेगळा आहे, वॉशिंग मशीनवर उपडा ठेवलेला. हायजिन म्हणाल तर तिच्याच हातांनी घासलेल्या ताटांत ते जेवतात. आमच्या घरात सांगतात की २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा पणजोबा सिन्नरहून चालत पंचवटीत आले होते. ते देवळाच्या दारासाठी आले होते. मी संडासाचं विचारतोय. सांगा कुठल्या विभागात टाकू.

म्हसरूळ_पब्लिक_हेल्थ
'टेन्शन घेऊ नका' यावर थोडं. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या पुरुष नोकरदारांचा १९६७ पासून मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल नावाचा. उपाशी कोणी नव्हतं, पगार सगळ्यांना. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांत हृदयविकाराचे मृत्यू वरच्या साहेबांच्या तिपटीच्या आसपास निघाले. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही त्यातला बराच फरक उरलाच. आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, याकडे पुढच्या अभ्यासांनी बोट दाखवलं. लघवीला कधी जायचं हेही ज्या बाईच्या हातात नाही, तिला काय सांगणार टेन्शन घेऊ नका म्हणून? गोळी मात्र चुकवू नका, हे सगळं खरं असलं तरी.

पिंपळगावची_सून
द्राक्षबागेत हेच. थिनिंग-डिपिंगला, म्हणजे घड विरळ करायला आणि औषधात बुडवायला, पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, दिवसभर बागेत, आडोसा म्हणाल तर वेलींचाच. बाया दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावत नाहीत. आमच्या बागेत मी सासऱ्यांशी भांडून पत्र्याचं एक उभं केलं. मुकादम हसला होता.

गंगापूर_रोड_सेक्रेटरी
मी एका सोसायटीची सेक्रेटरी आहे (तुमच्या नसावी). पत्र तुम्ही लिहू नका, आईचं काम जाईल हे खरं आहे. राहणाऱ्यांपैकी कोणाकडून तरी विषय सभेत आणा. आणि एकट्या आईसाठी नको, त्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मावशींसाठी मागा, आठ-दहा जणींना एकदम काढत नाही कोणी. आमच्याकडे दोन सभा यावर वाद झाला. "घाण करतील" म्हणणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, तुमचं कोण घासतं? ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, चालायचंच.

घरेलू कामगार मंडळाचा कायदा २००८ चा आहे. नोंदणी नसेल तर करून ठेवा. त्यानं संडास मिळणार नाही, पण कागद हाताशी असावा. आणि आधी ती कडी बसवा.

अंबड_सेकंड_शिफ्ट
साखर तपासली, नॉर्मल आहे. रविवारी वॉचमनकाकांना विचारून कडी बसवली, साठ रुपये. त्यांनीच बॅटरी धरली. म्हणाले, "आमच्या बायकोला पण बरं झालं." त्याही तेच वापरतात, हे मला माहीत नव्हतं.

आई आता लिटरची बाटली नेते. काल अर्धी भरलेली परत आणली. म्हणाली, शेवटची दोन घरं दुसऱ्या सोसायटीत आहेत. तिथं खाली संडासच नाही, वॉचमन पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर जातो. तिथलं काय करता येईल, सेक्रेटरीताई?