कुठलं पेज कुठल्या नोडवर, हे कर्नलने सांगावं का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या डेटाबेस सर्व्हरने माझ्या दोन रात्री खाल्ल्या. दोन सॉकेटचं मशीन, मेमरी भरपूर, सीपीयू निम्मा मोकळा, तरी तीच क्वेरी कधी झटकन तर कधी रेंगाळत. शेवटी प्रोकमधली (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात जिथे दाखवतं ती जागा) त्या प्रोसेसची न्यूमा_मॅप्स फाइल उघडली. शेअर्ड मेमरी जवळजवळ सगळी नोड ०वर, म्हणजे एकाच सॉकेटच्या मेमरीत! सुरू होताना एकाच थ्रेडने डेटाबेसची सगळी कॅश भरली होती, आणि लिनक्सचा नेहमीचा नियम असा की पेजला (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) पहिला हात जो लावेल त्याच्या नोडवर ते पेज. दुसऱ्या सॉकेटवरचे थ्रेड मग दिवसभर वाटी घेऊन शेजारणीच्या दारात.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: एएमडीच्या ऑप्टेरॉनपासून (२००३) आणि इंटेलच्या नेहेलेम पिढीच्या झिऑनपासून (२००९) मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात गेला. त्यामुळे प्रत्येक सॉकेटची मेमरी वेगळी, तो एक नोड; या रचनेला न्यूमा म्हणतात. दुसऱ्याची वापरता येते, पण लांबचा फेरा पडतो. कर्नल हे अंतर आकड्यात दाखवतं, स्वतःचं १० आणि शेजाऱ्याचं बहुधा २० किंवा २१.

न्यूमा_मॅप्स आलं लिनक्स कर्नल २.६.१४ मध्ये, २००५ साली. तेव्हा एसजीआयच्या अल्टिक्स मशीनवर एकाच लिनक्सखाली ५१२ प्रोसेसर चालत, ही गरज तिथली. पण ही फाइल सांगते काय? मेमरीच्या एकेका सलग भागाला एक ओळ, त्यात धोरण कोणतं आणि कुठल्या नोडवर किती पेजेस. नुसती बेरीज. ३०० जीबीच्या भागातली नेमकी कुठली पेजेस पलीकडे गेलीत, ते नाही. सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमवर पीमॅप कमांडला मोठा एल (-L) दिला की ॲड्रेसच्या पट्ट्यागणिक उत्तर मिळतं. २०१८ मध्ये ओरॅकलकडून लिनक्ससाठीही असाच प्रस्ताव आला होता, न्यूमा_व्हीएमॅप्स नावाच्या नव्या फाइलचा. मुख्य कर्नलमध्ये ती गेलीच नाही. माझ्या मते जायला हवी होती. घर आपलं आणि कुठली वस्तू कुठल्या खोलीत ते फक्त वॉचमनला ठाऊक, असा हा प्रकार आहे.

जुना_खोड

असहमत. सोय आहे की! मूव्ह_पेजेस हा सिस्टिम कॉल २.६.१८ पासून आहे. नावात हलवणं असलं तरी नोडच्या यादीच्या जागी नल (NULL, म्हणजे रिकामं) दिलं की तो काहीच हलवत नाही, प्रत्येक पेज आत्ता कुठे आहे तेवढं सांगतो. प्रोकमध्ये नवी फाइल टाकणं म्हणजे जन्माची बेडी. लोकांच्या स्क्रिप्टा तिचा मजकूर वाचायला लागल्या की कर्नलवाल्यांना त्यातला एक शब्द बदलायची चोरी. न्यूमास्टॅट कमांडला पी (-p) लावून प्रोसेसचा हिशेब मागता ना, ते बिचारं न्यूमा_मॅप्सच वाचत बसतं.

रात्रपाळी

१ टीबी मेमरी, ४ केबीचं पेज. झाले २६ कोटी ८४ लाख ॲड्रेस, प्रत्येकी ८ बाइट. नुसता प्रश्न विचारायला २ जीबीची यादी! गठ्ठे पाडून विचारता येतं, कबूल. पण कर्नलला एका दमात सांगता येईल ते मी कोट्यवधी वेळा का विचारावं?

जुना_खोड

सगळ्यांना विचारायला कोणी सांगितलंय? हजारातलं एक उचला. शितावरून भाताची परीक्षा.

कॅशमिस

खोडसाहेब, शितावरून परीक्षा होते ती भात सारखा शिजला असेल तर. इथे करपतो तो तळ. ३०० जीबीत दिवसभर मारा होतो तो इंडेक्सच्या चिमूटभर पेजेसवर. ती तुमच्या चाळणीतून निसटणार.

पण म्हणून धागाकर्त्याचं बरोबर ठरत नाही. पलीकडच्या नोडवर पडलेल्या ज्या पेजला कोणी हातच लावत नाही, त्याने काय बिघडतं? पेज कुठे ठेवलंय यापेक्षा त्याच्यापर्यंत कोण, किती वेळा, किती लांबून येतंय हे महत्त्वाचं. त्यासाठी पर्फ मेम आहे, लिनक्सच्या पर्फ या मोजमापाच्या साधनातलं. प्रोसेसर स्वतःच लोडचे नमुने काढतो आणि ॲड्रेस काय, प्रोसेसरच्या किती क्लॉक-सायकल गेल्या, डेटा जवळच्या मेमरीतून आला की लांबच्या, सगळं हातात ठेवतो. दोन सॉकेट एकाच कॅशलाइनवर भांडत असतील तर पर्फ सीटूसी, ४.१० पासून आहे. नकाशा कितीही बारीक काढा, त्यात रहदारी दिसत नाही.

रात्रपाळी

रहदारी दिसली तरी रस्ता कुणाच्या हद्दीत ते लागतंच ना. आणि गिऱ्हाइकाच्या प्रॉडक्शनवर पर्फची परवानगी काढून दाखवा, मी पेढे वाटतो.

पाव्हणा

बाकी तुमचं चालू द्या, पण एक कळलं नाही. आकडा फक्त ० किंवा १. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

कुलूपकिल्ली

पाव्हणं, आकड्यात काही नाही, पण आकडा मिळाला यातच सगळं आहे. ॲड्रेसवर पेज असेल तर नोड कळतो, नसेल तर एरर. म्हणजे एकेक ॲड्रेस ठोठावत गेलं की दुसऱ्या प्रोसेसची मेमरी कुठून कुठे पसरलीय ते कळतं. मूव्ह_पेजेसमध्ये नेमकं हेच झालं. समोरच्या प्रोसेसचा प्रभावी यूआयडी (ती कोणाच्या हक्काने चालतेय तो क्रमांक) तो तपासत नव्हता, त्यामुळे साध्या वापरकर्त्याला सेटयूआयडी प्रोग्रामची (चालवणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या हक्काने चालणाऱ्या) मांडणी काढता येत होती. ॲड्रेस दर वेळी उलटेपालटे करण्याची सगळी मेहनत पाण्यात. सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१७-१४१४० म्हणून त्याची नोंद आहे, ४.१२.९ मध्ये दुरुस्त झालं. त्याआधी २०१५ मध्ये रोहॅमरनंतर (मेमरीच्या ओळींवर मारा करून शेजारचे बिट उलटवण्याचा हल्ला) प्रोकमधल्याच पेजमॅप फाइलमधले भौतिक फ्रेम नंबरही सर्वसामान्यांसाठी बंद करावे लागले. हे सगळे दरवाजे आधी ‘माहितीच तर आहे’ म्हणून उघडलेले होते.

रात्रपाळी

हा मुद्दा मान्य, पण तो परवानगीचा आहे. न्यूमा_मॅप्स वाचायला आज प्ट्रेसइतका (दुसऱ्या प्रोसेसच्या आत डोकावण्याइतका) हक्क लागतोच. नव्या फाइलला त्याहून कडक लावा.

जुना_खोड

परवानगी सुटली तरी कुलूप राहतंच. दरवाज्याचं नव्हे, एमएमॅपचं. ही फाइल वाचताना कर्नल पेज टेबल चालत जातं आणि तेवढा वेळ त्या प्रोसेसच्या मेमरी-मांडणीचं, म्हणजे एमएमॅप, लॉक धरून ठेवतं. भाग शेकडो जीबीचा असेल तर मध्येच कोणी मुनमॅप केला (मेमरीचा भाग परत केला) की तो अडकतो, आणि त्याच्यामागे पेज फॉल्टची (पेज जागेवर नाही म्हणून कर्नलकडे आलेल्या मागण्यांची) रांग. ६.४ पासून (२०२३) बरेचसे फॉल्ट या लॉकशिवाय निभतात, पण गिऱ्हाइकांकडे कुठली कर्नल असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. दर मिनिटाला मॉनिटरिंगमधून ही फाइल वाचणारे महाभाग मी पाहिलेत. आजार शोधायला गेले आणि आजारच घेऊन आले.

वडापाव_डेव्हऑप्स

शंका: आमचं सगळं क्लाउडवर. तिथे हे नोड खरे असतात का?

कॅशमिस

हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) दाखवेल ते. खालच्या सॉकेटशी मेळ असेलच असं नाही.

जुना_खोड

रात्रपाळी, एक सांगा. तुमचा रोग तर न्यूमा_मॅप्सच्या बेरजेनेच सापडला. मग बारीक नकाशा हवा कशाला?

रात्रपाळी

तो पहिल्या रात्रीचा रोग होता. कॅश सगळ्या थ्रेडनी मिळून भरावी असं केलं. बेरीज आली दोन्ही नोडवर निम्मी-निम्मी, सगळे खूश. आणि क्वेऱ्या आधीपेक्षा हळू! दुसऱ्या रात्री उमगलं की निम्मं-निम्मं खरं, पण अदलाबदल झालेली. नोड ०वरचे थ्रेड जे पार्टिशन वाचतात ते नोड १वर, आणि उलट. बेरजेत हे कसं दिसणार? स्क्रिप्ट लिहून मूव्ह_पेजेसनेच शोधलं, पण तिला पहाट झाली.

जुना_खोड

हे मात्र बिनतोड. पण प्रोग्रामने एमबाइंड (मेमरी ठरावीक नोडला बांधणारा कॉल) करून आपापली पार्टिशन्स बांधून घेतली असती तर ही वेळ आली नसती. आणि न्यूमा बॅलन्सिंग? ३.८ पासून कर्नल स्वतःच पेजेस इकडची तिकडे करतं. बंद ठेवलं होतं का?

रात्रपाळी

चालू होतं. पण मेमरी ह्यूजटीएलबीची, २ एमबीची पेजेस. बॅलन्सिंग त्यांना हात लावत नाही.

जुना_खोड

थांबा थांबा. २ एमबीची पेजेस? मग १ टीबीला ५ लाख २४ हजार ॲड्रेस झाले. वर ते २६ कोटी कुठून आणलेत? आणि ह्यूजटीएलबीच्या ओळीत न्यूमा_मॅप्स एका मोठ्या पेजला एकच मोजतं, हे माहीत आहे ना? आपोआप जुळलेल्या मोठ्या पेजला ५१२ मोजतं. ओळीच्या शेवटी पेजचा आकार केबीत दिलेला असतो तो त्यासाठीच.

रात्रपाळी

...माझी स्क्रिप्ट ४ केबीच्या ढांगेने चालत होती.

कॅशमिस

म्हणजे एकाच पेजला ५१२ वेळा विचारलंत, ‘तू कुठे आहेस’?

रात्रपाळी

आणि प्रत्येक वेळी त्याने तेच उत्तर दिलं. पहाट का झाली ते आत्ता कळलं. न्यूमा_व्हीएमॅप्स हवं या म्हणण्यावर मी अजूनही ठाम आहे, पण २ जीबीच्या यादीचं मागे घेतो.