घड्याळ नोंदणीपासून सुरू होतं

वर एकांनी लिहिलंय की बेघर तरुणांना आधी भरपूर प्रशिक्षण द्यावं, नोकरीचं मग बघावं. युरोपीय संघाच्या यूथ गॅरंटीचा भर वेगळा आहे. २०१३ मध्ये सदस्य देशांनी पंचविशीच्या आतल्यांना ४ महिन्यांत नोकरी, पुढचं शिक्षण किंवा काम शिकण्याची उमेदवारी (अ‍ॅप्रेंटिसशिप) देऊ करायचं मान्य केलं. २०२० मध्ये वयोमर्यादा तिशीच्या आत अशी वाढवली. पण आता हे ४ महिने नोंदणीपासून मोजतात, आणि ज्याच्याकडे ना पत्ता ना ओळखपत्र, त्याची नोंदणीच अडते. म्हणून निवारा केंद्राचा पत्ता पत्रव्यवहारासाठी चालला पाहिजे, आणि कार्यकर्त्याने स्वतः निवाऱ्यात जाऊन त्या तरुणाचं नाव नोंदवलं पाहिजे.

नोकरी लागल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक. पगार महिनाअखेरीस, पण प्रवासखर्च, बूट, दुपारचं जेवण पहिल्याच दिवसापासून. हा खर्च आगाऊ दिला नाही तर मुलगा गळतो आणि ‘कामाची इच्छा नाही’ असा शिक्का बसतो, जो मला फार अन्यायाचा वाटतो. भाड्याची मदतही पहिल्या पगारासरशी बंद करू नये, टप्प्याटप्प्याने कमी करावी.