बाळ सांभाळणाऱ्या मावशींशी लेखी करार: सुट्टीच्या पगाराचं काय लिहायचं?

पिंप्राळ्याची आई

मी जळगावात दुपारच्या सत्राच्या शाळेत शिकवते. मुलगा अकरा महिन्यांचा. सासूबाई अमळनेरला शेतीत अडकलेल्या, नवऱ्याची एमआयडीसीत पाळी बदलते. १५ जूनपासून मावशी येणार आहेत. सोमवार ते शुक्रवार ११.३० ते ५.३०, शनिवारी सकाळची शाळा म्हणून ७ ते ११.३०. म्हणजे महिन्याला साधारण १५० तास. पगार ७,५०० ठरलाय, तासाला ५० पडतात.

मला हे सगळं कागदावर हवंय, आणि त्याला कारण आहे. आधीच्या मावशी दिवाळीनंतर आल्याच नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते, म्हणून आम्ही त्यांचे अठरा दिवसांचे पैसे कापले होते. तेव्हा ते बरोबरच वाटलं. नंतर त्यांच्या गल्लीत गेले तर त्या म्हणाल्या, "ताई, सुटी तुमनी व्हती, मनी नव्हती." मला काही उत्तरच देता आलं नाही. बाळ त्यांच्याशिवाय झोपत नव्हतं. पंधरा दिवस आमच्या घरात कोणी धड झोपलं नाही.

आता नव्या मावशींच्या बाबतीत तसं व्हायला नको. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, या काळात पगार पूर्ण द्यायचा, अर्धा द्यायचा की द्यायचाच नाही? दुसरं म्हणजे, त्या म्हणतात की स्वतःला जमलं नाही तर मुलीला पाठवेन. मुलगी आठवीत आहे, तेरा वर्षांची, गुणी आहे. चालेल का? आणि स्टॅम्प पेपर लागतो का?

भुसावळचा बाबा

आमच्या घरी दोघांच्याही ड्युट्या वेड्यावाकड्या, म्हणून सांगतो. भांडण पगारावरून होत नाही, उशिरावरून होतं. "थोडा उशीर होईल" हे रोजचं झालं की मावशींच्या घरचा स्वयंपाक कोलमडतो. आम्ही लिहिलं: पहिली पंधरा मिनिटं सोडून द्यायची, पुढे प्रत्येक अर्ध्या तासाचे पैसे, हिशेब दर शनिवारी वहीत. कामंही नावं घेऊन लिहा. बाळाचं जेवण, अंघोळ, लंगोट धुणं, खेळणी आवरणं, एवढंच. आपली भांडी त्यात हळूच शिरतात. शिरली की बाळाकडे लक्ष कमी होतं, आणि नुकसान आपलंच.

उन्हाचंही बघा. मार्च-एप्रिलमध्ये साडेअकराला पायी येणं म्हणजे डोक्यावर ऊन घेऊन येणं. तेवढ्या दिवसांचं रिक्षाभाडं वेगळं धरा.

धुळ्याची कार्यकर्ती

मी बारा वर्षं घरकाम करणाऱ्या बायांसोबत काम करते. आधी मुलीचं. बदली म्हणून तेरा वर्षांची मुलगी अजिबात नको, एका दुपारसाठीसुद्धा नको. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि १० ऑक्टोबर २००६ पासून घरकामही त्या बंदीत आहे. गुणी असो की हौशी, तिची जागा शाळेत. कागदावर स्पष्ट लिहा की बदली माणूस मोठंच हवं आणि तुम्ही आधी भेटलेलं हवं.

स्टॅम्प पेपरच्या मागे लागू नका. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारही धरला जातो. कागद हवा तो दोघींच्या लक्षात राहावं म्हणून. साधा कागद, दोन प्रती, दोघींच्या सह्या किंवा अंगठे, एक साक्षीदार. शंभराचा स्टॅम्प तर आता चालतच नाही, ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा लागतो. ते पाचशे त्यांच्या हातात द्या.

आता लोक विसरतात ती गोष्ट. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या बाईची नोंदणी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते आणि त्यासाठी ती ज्या घरी काम करते तिथलं प्रमाणपत्र लागतं. अडतं नेमकं इथेच. घरमालक सही द्यायला घाबरतात, उद्या काही अंगावर येईल म्हणतात. मी एका बाईला पाच घरं फिरताना पाहिलंय, पाचही घरी चहा मिळाला, सही मिळाली नाही. ५५ पूर्ण केलेल्या नोंदीत बायांना सरकारकडून १०,००० रुपये सन्मानधन मिळालेलं आहे. त्या बाईचं वय बसत होतं, नोंदणी नव्हती. म्हणून करारातच लिहा, "मंडळाच्या नोंदणीसाठी प्रमाणपत्र मी देईन."

सोबत प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. बँक खात्यातून कापले जातात, संरक्षण १ जून ते ३१ मे. २० रुपये तुम्ही भरा.

पोलिसांकडे मावशींची माहिती द्यायची असेल तर मावशींना आधी सांगून, कागद दाखवून द्या. पाठीमागून दिली तर ते कळतंच.

चाळीसगावची लेक

माझ्या आईने चौदा वर्षं लोकांची बाळं सांभाळली, म्हणून त्या बाजूचं लिहिते. दोन घरं शिक्षकांची होती. मे महिन्यात पगार बंद व्हायचा, आणि जूनमध्ये आमच्या वह्या, दप्तर, गणवेश. किराणा उधार यायचा तो दिवाळीपर्यंत फिटायचा नाही. ताई, तुमची सुट्टी पगारी असते. त्यांचीही निदान अर्धी तरी असू द्या, आणि परत कामावर यायची तारीख लिहून द्या. तारीख नसेल तर बाई दुसरं घर धरते. आमच्याकडे दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की शेतात रोख पैसे मिळतात, मग कोण थांबणार?

त्यांच्या सुट्ट्याही लिहा. माझ्या आईला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या तेव्हा घरी थांबायचं असायचं, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई देवी बसली की रोटांच्या नैवेद्याचं सगळं तिच्यावर. रविवार तर सुटीचाच, पण आदला शनिवार आणि विसर्जनाचा सोमवार तिला कधी मिळाला नाही. दर वर्षी "बघू" म्हणायचे. "बघू" हा शब्द तिला फार लागायचा.

आणि कागद वाचून दाखवा. आईला वाचता येत नव्हतं, तिने एकदा न कळता अंगठा दिला होता. महिनाभर आधी न सांगता काम सोडलं तर महिन्याचा पगार बुडेल, असं त्यात होतं. मालकांनी सांगायचं बंधन मात्र कुठेच नव्हतं.

पिंप्राळ्याची आई

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल मावशींना बोलावलं आणि कागद आधी न लिहिता दोघी बोलत बसलो. त्यांनीच मार्ग काढला. एप्रिल-मेमध्ये त्या गल्लीतल्या बायांबरोबर पापड, कुरडया, बिबड्यांच्या ऑर्डरी घेतात. म्हणून मेच्या सुट्टीत अर्धा पगार आणि त्या दुसऱ्या कामाला मोकळ्या, शाळा सुरू होईल त्या दिवसापासून पूर्ण. दिवाळीला पूर्ण पगार, शिवाय एक महिन्याचा बोनस. वर्षाला बारा पगारी रजा, आखाजीचे दोन दिवस आणि कानबाईचे शनिवार-सोमवार वेगळे. काम सोडायचं किंवा सोडवायचं तर दोन्ही बाजूंनी तीस दिवस आधी सांगायचं. पगार पाच तारखेच्या आत. जादा अर्ध्या तासाला ३० रुपये. मुलीचं त्यांना समजावलं, त्यांची जाऊ येईल, बुधवारी बाळाला भेटून गेली.

मग मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. अर्ध्यात त्यांनी थांबवलं, "हाई काय लिखेल शे, परत वाचा." ते औषधांचं कलम होतं: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किंवा मला फोन केल्याशिवाय काहीही पाजायचं नाही, बाळघुटीसुद्धा नाही. त्यांना वाटलं मी त्यांच्या हातावर विश्वास ठेवत नाही. मी सांगितलं की बाळाला तापात एकदा झटका आला होता, मी तेव्हापासून घाबरते. मग त्या गप्प बसल्या, आणि म्हणाल्या, राहू द्या. ही गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती.

शेवटी त्यांनी स्वतःचं एक कलम घातलं. पोरगं पडलं, खरचटलं तर रागावण्याआधी त्यांचं ऐकून घ्यायचं. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि खाली पहिली सही मी केली.

प्रमाणपत्र तयार आहे. त्यांचं बँक खातं दोन वर्षं वापरात नसल्याने बंद पडलंय, ते सुरू करायला शनिवारी बाराला दोघी जाणार आहोत. धुळ्याच्या ताई, मंडळाच्या नोंदणीला फोटो किती लागतात ते तेवढं सांगा, त्याच फेरीत काढून घेऊ.