लेकरू निजतं त्या खोलीत काहीच जळू नये. पटतं का?

अंगणवाडीताई, यवतमाळ जिल्हा

मागच्या पौषात वस्तीवरच्या एका घरी गेले होते. सात महिन्यांचं लेकरू दोन दिवसांपासून दूध ओढत नव्हतं. झबलं वर केलं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 62 भरले. दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा त्याहून जास्त भरले की धोका, असं आम्हाला शिकवलंय. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ऑटोत घालून तसंच सरकारी दवाखान्यात नेलं. लेकरू वाचलं.

पण ती खोली डोळ्यांपुढून जात नाही. घरात खोली एकच. कोपऱ्यात चूल, चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, त्याही दंवानं ओलसर, त्यामुळे नुसत्या धुपत होत्या. एका भिंतीला अर्ध्यापर्यंत कापूस रचलेला, चांगल्या दराची वाट पाहत. खाटेखाली मच्छरांची कॉइल. थंडी म्हणून दार लावलेलं. आणि लेकराची झोळी पत्र्याखालच्या बल्लीला बांधलेली. धूर वर चढतो, पत्र्याखाली कोंडतो, आणि तिथेच ते लेकरू निजलेलं!

त्याला धुरानंच न्यूमोनिया झाला असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण वजनाच्या मानानं लहान लेकरू मोठ्या माणसाहून जास्त हवा आत घेतं, त्याच्या श्वासनळ्या अरुंद असतात, फुप्फुसं अजून घडत असतात. घरातल्या धुरानं लेकरांच्या न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2020 या एका वर्षात या धुरापायी पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून जास्त लेकरं गेली, हाही तिचाच अंदाज.

म्हणून माझं म्हणणं: पाच वर्षांखालचं लेकरू निजतं त्या खोलीत काहीच जळू नये. चूल नाही, कॉइल नाही, बिडी नाही, बाळंतिणीची शेगडी नाही, ओवा-शेप्याची धुरीसुद्धा नाही. गॅस परवडत नसेल तर चूल बाहेर न्या. गावात हे बोलले की लोक म्हणतात, चूल का आजची आहे? पटत नसेल तर इथे सांगा.

कापूसवाला

ताई, तुमी लेकराले दवाखान्यात नेलं, लय मोठं काम केलं. पण खापर चुलीवर कायले फोडता? माह्या मायनं सहा लेकरं चुलीपाशीच वाढवली. सहाही आज वावरात राबतात.

सिलेंडर नऊशेच्या आसपास जाते. निंदणाच्या तीन दिवसांच्या मजुरीचा जाळ झाला तो. इकडं पऱ्हाटी फुकट. बोंडअळीपायी ती वावरात उभी ठेवता येत नाई, उपटाच लागते. मंग ते सरपण फेकून द्याचं का? अन् कापूस घरात हौसेनं भरत नाई कोणी. त्याच्यापायी अंगाले खाज सुटते, हे आमाले ठाऊक नाई का? पण दिवाळीले व्यापारी म्हणते त्या भावात इकला तं कर्ज फिटत नाई.

एक सांगा, तुमच्या अंगणवाडीतली खिचडी कायवर शिजते?

आकडेमोड

ताईंची कळकळ मला पटते, निष्कर्ष पटत नाही. 'हॅपिन' नावाची मोठी चाचणी ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि भारतात झाली; भारतातली गावं तामिळनाडूतली होती. 3,200 गरोदर बायका, त्यातल्या निम्म्यांना दीड वर्ष फुकट गॅस. त्या घरांत धूर खूप कमी झाला. पण 2022 आणि 2024 मध्ये निकाल छापून आले तेव्हा दिसलं की बाळांचं जन्मवजन वाढलं नाही आणि पहिल्या वर्षातला गंभीर न्यूमोनियाही घटला नाही. मलावीतही सुधारित चुलींची चाचणी झाली होती. 2017 मध्ये तिचा निकाल आला, तोही असाच.

उलट आपल्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं चुलीला हातही लावला नव्हता. गावातल्या दायांना आणि कार्यकर्त्यांना धाप ओळखायला शिकवलं, औषध त्यांच्या हातात दिलं आणि न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू कमी केले. हे काम 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस आता सरकारी लसीकरणात फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. गरीब घरात चार पैसे आणि चार तास उरत असतील, तर ते लशीवर, अंड्यांवर आणि श्वास मोजायला शिकण्यावर जावेत. आधीच दमलेल्या आईच्या माथी आता 'हवा'ही मारू नका.

विज्ञान शिकवतो, वाशीम

'हॅपिन'चा निकाल खरा आहे, पण तो पूर्ण वाचला पाहिजे. गॅसवाल्या घरांतल्या मायलेकरांच्या वाट्याला येणारे धुराचे सूक्ष्म कण दर घनमीटरला सुमारे 70 मायक्रोग्रॅमवरून 24 च्या आसपास आले. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची वार्षिक मर्यादा आहे 5. म्हणजे ती हवाही स्वच्छ नव्हतीच. आणि 2011 चा ग्वाटेमालाचा निकाल का सोडला? तिथे उघड्या चुलीऐवजी धुराड्याची चूल दिली होती. एकूण न्यूमोनियात ठाम फरक दिसला नाही, पण गंभीर न्यूमोनिया जवळपास एक तृतीयांशानं घटला.

आणि फक्त न्यूमोनियाच का मोजायचा? माझ्या वर्गात हिवाळाभर खोकणारी, डोळे चोळणारी पोरं बसतात. ती कुठल्याच चाचणीत मोजली जात नाहीत.

धाकटी सून

सगळे आईला सांगतात, आईनं असं करावं. आमच्या घरी उज्ज्वला योजनेचं गॅस कनेक्शन माझ्याच नावावर आहे. पण सिलेंडर कधी भरायचा ते मामाजी, म्हणजे माझे सासरे, ठरवतात. गॅस पाहुण्यांच्या चहाला. सकाळ-संध्याकाळचा सैपाक चुलीवर, कारण चुलीची भाकर गोड लागते म्हणतात. 2023-24 मध्ये उज्ज्वलाच्या घरांनी वर्षाला सरासरी चारही सिलेंडर भरले नाहीत, असं मी वाचलं. ते मला खरं वाटलं, आमच्या घरी तीनच आले होते.

माझी पोरगी दीड वर्षाची आहे. फुंकणी फुंकताना ती कडेवर असते, कारण खाली ठेवली की चुलीकडे रांगते. चूल कुठे असावी हे मला विचारलं असतं, तर हा धागा वाचायची वेळच आली नसती.

मिस्त्री, घरकुलाची कामं

कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्या घराला कवेलू, म्हणजे कौलं, होते. कवेलूच्या फटीतून धूर निघून जायचा, पहाटे सगळ्या घरांच्या छपरांवर धूर दिसायचा. आता घरकुलावर स्लॅब नाहीतर टिन. घरकुल 25 चौरस मीटरचं, त्यातच सैपाकाची जागा धरलेली. चूल तीच राहिली, छप्पर बंद झालं. पहिल्यापेक्षा धूर जास्त कोंडतो हे मी रोज पाहतो.

बांधतानाच चुलीच्या वरच्या भिंतीत, छताला लागून, दीड फुटी जाळी सोडली तर उलट विटा वाचतात. समोरच्या भिंतीत खाली दुसरी जाळी पाहिजे, नाहीतर हवा खेळत नाही. मी सांगतो, पण घरमालक म्हणतो पाऊस आत येईल, उंदीर येईल. बाहेरून छज्जा आणि बारीक तारेची जाळी लावली की दोन्ही येत नाहीत.

आकडेमोड

मिस्त्रींचं म्हणणं पटलं. पण धुराड्याच्या बाबतीत अनुभव वाईट आहे. ऐंशीच्या दशकात सरकारनं देशभर निर्धूर चुली वाटल्या. धुराड्यात काजळी साचली, साफ करायला कोणी नव्हतं, बायकांनी त्या फोडून पुन्हा जुन्याच मांडल्या. माझं मत कायम: लस आणि धाप ओळखणं पहिलं.

अंगणवाडीताई

कापूसवाला दादा, खिचडीचं विचारलंत, खरं तेच सांगते. सिलेंडर असला की गॅसवर. संपला की पोरांचा घास थांबवता येत नाही, मग मदतनीस मागच्या अंगणात चूल पेटवते. अंगणात, पोरं बसतात त्या खोलीत नाही. मी तेवढंच मागते आहे.

आकडेमोड, लस तर मी दारोदार जाऊन सांगते, ती सोडा असं कुठे म्हटलं? पण कॉइल विझवायला ना पैसा लागतो ना वेळ. एक कॉइल जळून संपेपर्यंत 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं मोजलं गेलंय. ती रात्रभर लेकराच्या खाटेखाली असते. त्यापेक्षा मच्छरदाणी बांधा. आणि शेगडी आत ठेवून दार लावणं तर फार वाईट. शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

सूनबाई, पुढच्या माता बैठकीत मी मामाजींनाच बोलावणार आहे. बायकांना सांगून झालं.

कापूसवाला

कालच्याला मायले विचारलं. मी सहा लिहिलं होतं. माय म्हणे, सहा वाचले, झाले आठ होते. दोघं पोट उडून, धापेनं गेले, एक सव्वा महिन्याचा अन् एक वर्साची. लेकराच्या अशा धापेले तवा 'डबा झाला' म्हणायचे. मले हे ठाऊकच नव्हतं. धुरानं गेले का अजून कायनं, ते मायलेबी सांगता येत नाई.

पाऊस लागायच्या आत चूल बाहेरच्या सपरीत नेतो, मिस्त्रीभाऊनं सांगतली तशी जाळीबी पाडतो. कॉइल आजच फेकली. कापसाचं मात्र नाई जमत, ताई. त्याले दुसरी जागा असती तं लेकराच्या खोलीत कायले भरला असता?