फुलपाखरांसाठी नेमकं काय लावू?

पानगळ:
मंडळी, पूर्वी गॅलरीत बरीच फुलपाखरं यायची, हल्ली क्वचितच दिसतात. म्हणून झेंडू, सदाफुली, जास्वंद अशा कुंड्या भरून टाकल्या. एखादं येतं, दोन मिनिटं भिरभिरतं आणि जातं. सकाळचं चार तास ऊन आहे. आणखी कुठली फुलं लावू? (कढीपत्ताही आहे, पण त्याला सारख्या अळ्या लागतात. फवारून थकले.)

रानवेल:
ताई, उत्तर तुमच्या कंसातच आहे :) त्या अळ्या म्हणजेच बहुधा तुमची फुलपाखरं! कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉर्मन, लाइम बटरफ्लाय अंडी घालतात. मादी पायांनी पान चाखते, झाड पटलं तरच अंडं. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याची शीट, मोठी झाली की हिरवीगार. हळूच बोट लावून बघा, डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि असा वास सोडते की बोट आपोआप मागे येतं. फवारणी आधी बंद करा. कडुनिंबाचं तेलसुद्धा नको, ‘नैसर्गिक’ असलं तरी अळीला ते भोवतंच.

पानगळ:
अरे देवा, म्हणजे मीच मारत होते! पण कढीपत्ता संपवतील ना?

रानवेल:
बोडका होईल, पण पुन्हा फुटतो. दोन कुंड्या ठेवा, एक त्यांची, एक तुमची.

मातीचे हात:
रानवेलशी सहमत. माझी भर: रुई. मोठ्या कुंडीत छाटून ठेवता येते. तिच्यावर प्लेन टायगर येतो. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, रुईतलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पानफुटी लावलीत तर रेड पिएरो. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते.

फुलांचं म्हणाल तर भरगच्च पाकळ्यांचा झेंडू दिसायला छान, पण सोंडेला मध मिळणं कठीण. साध्या पाकळ्यांचं कॉसमॉस लावा. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, तरी लावू नका. पक्षी तिच्या बिया नेतात आणि ती रान गिळते.

आणि नवीन रोप आणताना विचारा, आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनून पानापानात पोचणारं) कीटकनाशक दिलंय का. माझ्या पहिल्या लिंबावर अळ्या निघाल्या आणि दोन दिवसांत काळ्या पडून गळल्या. मी तर काहीच फवारलं नव्हतं. तेव्हापासून बी लावून वाढवतो. वेळ लागतो, पण जिवाला घोर नाही.

पानगळ:
तीन आठवड्यांनी परत आले. कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उरल्यात. अळ्या गायब झाल्या म्हणून हळहळत होते, तर आज गॅलरीतल्या झाडूच्या दांड्याला हिरवा कोष! कमरेला रेशमाचा दोरा बांधून टेकलाय. आता केर कशाने काढू?

रानवेल:
दुसरा झाडू आणा. साधारण दीडेक आठवड्याचा प्रश्न आहे.