या आठवड्यात काय घडलं, नेटवर काय सापडलं?

चिंचगुळ: शुक्रवारची मीटिंग कॅन्सल झालीय म्हणून धागा काढतेय. आठवड्यात बरं काय घडलं, नेटवर काय हाती लागलं ते सांगा, राजकारण नको प्लीज.

माझं आधी. मंगळवारी सासूबाई फोनवर म्हणाल्या, "दही अदमुरं असेल अजून, हलवू नकोस." मी हो हो म्हटलं पण कळलं काहीच नाही, मग शोधत शोधत शिकागो विद्यापीठाच्या साइटवर पोचले, तिथे मोल्सवर्थचा अख्खा मराठी-इंग्रजी कोश फुकट ठेवलाय, १८५७ ची आवृत्ती, साठेक हजार शब्द! अदमुरं म्हणजे अर्धवट लागलेलं. मग निरसं दूध, धारोष्ण दूध करत करत रात्रीचा एक वाजला आणि दही ओट्यावरच राहून आंबटढोण.

जुना_पाटा: मोल्सवर्थमध्ये जुनं शुद्धलेखन आहे हां, 'दही' नाही 'दहीं', 'अदमुरें'. शब्द मिळाला नाही तर शेवटी अनुस्वार देऊन बघा. त्याच साइटवर दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे, तो मराठीतून मराठी, मला तोच जास्त आवडतो. बाकी माझ्या आठवड्यात सांगण्यासारखं काही नाही, गिझर दुरुस्त झाला.

सड्यावरचा: रविवारी लेकीला घेऊन रत्नागिरीजवळ उक्षीला गेलो, हत्तीचं कातळशिल्प बघायला. जांभ्यावर कोरलंय, जवळ उभं राहिलं की नुसत्या रेषा, ती सारखी "हत्ती कुठेय, हत्ती कुठेय", शेवटी खांद्यावर घेतली तेव्हा ओरडली "सोंड!!" घरी येऊन वाचत बसलो तर कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, आणि राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ म्हणे होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. आता होकायंत्र ऑर्डर केलंय, बायकोला अजून सांगितलं नाहीये.

रात्रपाळी: बाळ चार महिन्यांचं, झोप नाही, त्यामुळे माझा हायलाइट म्हणजे सलग पाच तास झोपलो. एरवी मांडीवर बाळ घेऊन फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' बघितला, मूकपट असल्यानं आवाज बंद ठेवला तरी काही बिघडत नाही 😄 कृष्ण झालीय त्यांचीच मुलगी मंदाकिनी, सात-आठ वर्षांची असेल, सुरुवातीला नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव करून दाखवते ते मी तीनदा मागे नेऊन बघितलं.

चिंचगुळ: @जुना_पाटा अनुस्वार देऊन मिळालं, थँक्यू! सासूबाईंना सांगितलं की तुमचं अदमुरं शिकागोत सापडलं, तर म्हणाल्या, "तिथे विरजण नीट लागतं का गं, थंडी असेल ना?"