रंगीत पडदा असूनही गेम गिअर मागे का पडला?

प्रश्न : निन्टेन्डोचा गेम बॉय हे हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम यंत्र १९८९ मध्ये आले तेव्हा त्याचा पडदा हिरवट आणि एकरंगी होता, पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत, उजळ पडद्याचा गेम गिअर आणला. तरीही व्हिडिओ गेम यंत्रांच्या चौथ्या पिढीतील या स्पर्धेत गेम बॉय कसा जिंकला?

प्रतिसाद १ : मागून उजळणाऱ्या पडद्यामुळे गेम गिअरचे सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपत, तर गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले.

प्रतिसाद २ : गेम बॉय घडवणाऱ्या चमूचे प्रमुख गुनपेई योकोई यांनी स्वस्त, रुळलेले तंत्रज्ञान जाणीवपूर्वक निवडले होते, आणि ती दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

प्रतिसाद ३ : टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळही विसरू नये, अमेरिकेत तो गेम बॉयसोबतच मिळत असे.